माकड सख्खे की चुलत

माणूस माकडापासून झाला की नाही, याचा निर्णय आमच्या शाळेत मतदानाने घेण्यात आला, तेव्हा त्या मतदानात मी होतो. समिती सात जणांची. तिघे म्हणाले झाला, तिघे म्हणाले नाही, आणि सातवे, म्हणजे अध्यक्ष, म्हणाले, "निकाल उद्या बघू."

मी रत्नागिरीच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून शाळा समितीवर बसतो. सभेचा वृत्तान्त लिहिण्याचे काम कोणालाच नको होते, म्हणून ते बिनविरोध माझ्याकडे आले. त्यामुळे कोण काय म्हणाले हे मी ऐकीव सांगत नाही. गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची आहे.

त्या सुमारास वरच्या वर्गांना सामान्य विज्ञान हा विषय नव्याने सुरू झाला होता. तोवर आमच्याकडे विज्ञान म्हणजे एक काचेचे कपाट. कपाटात एक तराजू, थोड्या परीक्षानळ्या आणि प्लास्टरची एक कवटी होती. वस्तू फुटू नयेत म्हणून कपाट उघडायचे नाही, असा नियम होता. किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला असे आणि विज्ञान सुरक्षित होते.

नव्या विषयासाठी नवा मास्तर आला. संगमेश्वराकडच्या एका खेड्यातला, मुंबईला राहून बी. एस्सी. झालेला, पंचविशीच्या आतला. आमच्या घराच्या पडवीला लागून एक खोली आहे, तिथे तो आणि त्याची आई भाड्याने राहू लागली. मला तो काका म्हणे. नेमणूक दोन वर्षांच्या उमेदवारीवर होती. दुसरे वर्ष संपताना समितीने कायम केले तर नोकरी, नाहीतर पुन्हा मुंबई. पुन्हा मुंबईला जायला त्याची हरकत नव्हती, पण गुहागरच्या एका सुपारीबागायतदाराची मुलगी त्याला सांगून आली होती, आणि ती त्याला आवडली होती. मुलीच्या वडिलांची अट एकच होती. कायम झाल्याचा हुकूम डोळ्यांनी पाहीन, मगच पुढचे बोलणे. मुंबईच्या चाळीतल्या जावयाला मुलगी द्यायची नाही असे त्यांनी ठरवले होते, कारण थोरली तशी दिली होती.

तर असा हा मुलगा. त्याने पहिल्याच तासाला मुलांना विचारले, "पृथ्वी गोल आहे. कशावरून?"

मुले म्हणाली, "पुस्तकात आहे."

"पुस्तकातलं खरं कशावरून?"

हा प्रश्न आमच्या शाळेत स्थापनेपासून कोणी विचारलेला नव्हता. मग त्याने सगळा वर्ग मांडवीच्या बंदरावर नेला आणि लांबून येणाऱ्या गलबताची आधी डोलकाठी दिसते, मग शीड, मग खालचा भाग, हे दाखवले. तेवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. पण तो पुढे म्हणाला, "आणि आपलं म्हणणं चुकीचं असतं, पृथ्वी सपाट असती, तर काय दिसलं असतं?"

माझ्या मते सगळे रामायण या दुसऱ्या प्रश्नाने घडले, माकडाने नाही. माकड नंतर आले. मुले हे दोन प्रश्न खिशात घालून घरी गेली. एकाने बापाला विचारले की आजोबा स्वर्गात गेले कशावरून. दुसऱ्याने भटजींना विचारले की हा मुहूर्त चुकीचा असता तर काय दिसले असते. आमच्याच घरी माझी धाकटी जेवायला बसली आणि बायको म्हणाली, "आमटीत मीठ घातलंय, वरून घेऊ नको."

"कशावरून?"

"घातलं तेव्हा मी होते म्हणून."

"आणि घातलं नसतं तर काय दिसलं असतं?"

"पाठीत धपाटा दिसला असता. जेव."

मी आमटी चाखली. मीठ नव्हते. हे मी बोललो नसतो तर बरे झाले असते. बायको म्हणाली, "त्या पोराला सांगा, शाळेत काय ती पृथ्वी शिकव. माझ्या चुलीपाशी येऊ नको म्हणावं."

विज्ञानाच्या पुस्तकाच्या शेवटी जीवांच्या उत्क्रांतीवर एक पान होते. अशी पाने वेळेअभावी राहून जातात, ती त्यासाठीच शेवटी घालतात. याने ते पान शिकवले, आणि चांगले सवडीने शिकवले. काय शिकवले हे मला नक्की माहीत आहे, कारण संध्याकाळी पडवीत तो मला ते सांगत असे. तो म्हणे, माणूस माकडापासून झाला नाही. फार फार मागे दोघांचा पूर्वज एकच होता. तो ना माणूस होता, ना आजचे माकड. त्याच्यापासून दोन फांद्या फुटल्या. मुलांनी घरी जाऊन सांगितले, "मास्तर म्हणाले, आपण माकडाचे." माझ्या विषयातही मुले असेच करतात. अपूर्णांक सोडून देतात आणि पूर्णांक घरी नेतात.

दुसऱ्या मुलखात हे खपले असते. पण आमच्याकडे माकड हा प्राणी पुराणातला नाही, परसातला आहे. आमच्या गल्लीत मारुतीला तेल घालून परत येणारा माणूस वाटेत वानराला दगड मारतो, आणि दोन्ही गोष्टी मनापासून करतो. वानर कौले फोडतो, शेवग्याच्या शेंगा ओरबाडतो, मोहोर झोडतो. अशा प्राण्याशी नाते आहे असे सांगणे ही अब्रूची बाब तर होतीच, शिवाय मिळकतीची होती. पालकांच्या तक्रारअर्जात एक वाक्य होते ते मला फार आवडले: 'उद्या हीच शिकवण रूढ झाल्यास बागेतून वानर हाकलण्याचा आम्हांस नैतिक अधिकार राहणार नाही.'

अर्ज अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष वकील, आणि आंब्याचे मोठे बागायतदार. त्यांची वकिली मुख्यतः भाऊबंदकीच्या दाव्यांवर चाले. नाते हा शब्द ऐकला की त्यांना वाटपच दिसे. त्यांनी सभा बोलावली आणि मास्तरला समोर उभे केले.

"मास्तर, मला एवढंच सांगा," अध्यक्ष म्हणाले. "मी आमच्या घराण्याचा कुळवृत्तान्त छापायला घेतलाय. सतरा पिढ्या सापडल्यात. अठराव्या पिढीपुढे काय लिहू?"

"अठरावी पिढी माणसंच होती, साहेब."

"अठराशेवी?"

"तीही माणसंच."

"मग माकड कितवी?"

"कितवीच नाही. माकड आपल्या मुळात नाहीच. ते दुसऱ्या फांदीवर आहे."

"फांदीवर असतंच ते," अध्यक्ष म्हणाले, आणि सभा हसली. सभा हसली की मुद्दा निकालात निघाला असे आमच्याकडे समजतात.

समितीवर लाकडाचे एक व्यापारी होते, खाडीपलीकडच्या मुसलमान घराण्यातले, त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांची गलबते मलबारापर्यंत जात. ते सहसा बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "वकीलसाहेब, आम्ही आदमपासून. तुम्ही ब्रह्मदेवापासून. आपली पोरं एका बाकावर बसतात. एका बाकाला दोन सुरुवाती कशा, हे आजपर्यंत कोणी विचारलं नाय. माकड आलं तेव्हाच बरी सगळ्यांना आठवण झाली!"

यावरही सभा हसली, पण थोडे कमी.

ठराव मांडला गेला: 'मनुष्य माकडापासून झाला असे शाळेत शिकवावे.' मी म्हटले, वाक्य चुकले आहे, मास्तर असे शिकवतच नाही. अध्यक्ष म्हणाले, मतदानाला प्रश्न सोपा लागतो. चुकीच्या वाक्याच्या बाजूने मत द्यायचे की विरुद्ध, हा पेच मला कोणत्याही भूमितीच्या पुस्तकात आढळला नव्हता. विरुद्ध दिले तर मास्तर जाणार होता, म्हणून बाजूने दिले. शेठनेही दिले. तीन विरुद्ध तीन झाले. आता अध्यक्षांच्या एका मताने माणसाची उत्पत्ती ठरणार होती. पण आपण निकाल दिला तर हरलेला निम्मा गाव आपल्या ओटीवर येऊन बसेल, हे त्यांनी ओळखले. त्यांना एकदम उपाय सुचला.

"कौल लावू."

आमच्या बाजूला कौल लावणे ही काही विशेष गोष्ट नाही. पाणंद कोणाच्या जमिनीतून न्यायची, पालखी आधी कोणाच्या दारी थांबायची, विहीर कुठे खणायची, असे कुठलेही अडले की ग्रामदेवतेला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हे मी निंदेने सांगत नाही. या पद्धतीने आमच्या गावातली कित्येक डोकी फुटायची वाचली आहेत. मात्र विहिरीला पाणी लागणे हे पाकळीवर नसते, जमिनीवर असते, एवढे मी गणिताचा माणूस म्हणून नमूद करतो.

ठराव एकमताने मंजूर झाला. त्या दिवसाचे ते पहिले एकमत. शेठ म्हणाले, "माझी ना नाय. डावा पडला तर मी तिथं नव्हतो, उजवा पडला तर लांबून बघत होतो."

घरी मास्तरला सांगितले तेव्हा मला वाटले भडकेल. तो भडकला नाही. विचारात पडला आणि म्हणाला, "काका, डावा पडला तर काय होईल? उजवा पडला तर काय होईल? दोन्ही वेळेला माकड जिथं आहे तिथंच. मग विचारायचं कशाला?"

"तुला कायम व्हायचंय म्हणून," मी म्हटले. "तू गप्प बस. आणि ऐक. उजवा-डावा म्हणजे अर्धा-अर्धा, असं तुला वाटत असेल. पण आमच्या देवळात तसं नाही. नको ते उत्तर आलं की देवाला पुन्हा विचारतात. तीनदा विचारायची मुभा आहे. तीनदा डावाच पडायचा संभव आठात एक. म्हणजे हवं ते उत्तर मिळायचा संभव आठात सात."

त्याने विचारले, "हे सगळ्यांना माहीत आहे?"

"हिशेब मला माहीत आहे. पद्धत सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न एवढाच, की अध्यक्षांना काय हवं आहे."

त्याचीही तजवीज मी केली होती. सरकारने मंजूर केलेल्या पुस्तकातले पान गाळले तर तपासनीस अनुदानाचे विचारतील, हे मी सभेतून घरी येतानाच अध्यक्षांच्या कानावर घालून ठेवले होते. तेव्हापासून अध्यक्षांना उजवा कौल हवा होता.

सकाळी देवळात जमलो. प्रश्न अध्यक्षांनी स्वतः कागदावर लिहून आणला होता, दाव्याच्या अर्जासारखा. गुरव म्हाताराच होता. त्याने तो ऐकून घेतला आणि आपल्या भाषेत घातला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायापाशी इली हत. मानूस माकडापास्न झाला, आसा साळंत सांगतत. तां खरां आसंल तर उजवो दे, खोटां आसंल तर डावो दे, आनि सगळ्यांक सुबुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या हलेनात. हवा दमट होती. बऱ्याच वेळाने एक पडली. डावी.

तक्रारअर्जवाल्यांपैकी एकाने टाळी वाजवली. अध्यक्षांनी त्याच्याकडे असे पाहिले की टाळी अर्ध्यावर राहिली. "देवाला प्रश्न नीट कळला नसावा," ते गुरवाला म्हणाले. "जरा मोठ्यानं घाल."

गुरवाने मोठ्याने घातला. या वेळी उजवी पडली, आणि देवाला प्रश्न कळला असे सर्वांनी मान्य केले. वृत्तान्तात दुसराच कौल लिहावा असे मला सुचवण्यात आले. मी दोन्ही लिहिले.

तिथून सगळे शाळेत आलो. मला वाटले संपले. अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठराव सांगितला: 'ग्रामदेवतेच्या कौलाने सिद्ध झाल्याप्रमाणे मनुष्य माकडापासून झाला आहे. विज्ञान शिक्षकांनी हे वर्गात वाचून दाखवावे. त्यांस कायम करण्यात येत आहे.' आणि मास्तरकडे वळून कौतुकाने म्हणाले, "घ्या. देवानं पास केलं तुम्हाला."

मास्तरने कागद वाचला. मी डोळ्यांनी त्याला खूण केली. त्याने ती पाहिली आणि तरीही म्हणाला, "साहेब, हे मला वाचून दाखवता येणार नाही."

"का?"

"पाकळीवरून हे सिद्ध होत नाही. डावी पडली होती तेव्हा खोटं झालं नव्हतं, उजवी पडली म्हणून खरं होत नाही. आणि दुसरं, हे वाक्यच चुकलंय. माकडापासून नाही झाला. दोघे चुलत आहेत."

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे देवानं चुकीच्या वाक्याला उजवा दिला, असं तुमचं म्हणणं? देव चुकला?"

"देव नाही चुकला. प्रश्न चुकला."

"प्रश्न मी लिहिला होता."

मास्तरने कागद टेबलावर परत ठेवला. तो जिंकला होता आणि जिंकलेले घेत नव्हता. असला पक्षकार अध्यक्षांनी उभ्या वकिलीत पाहिला नसावा. ते रागावले, पण माणूस दुष्ट नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "तरुण आहात. मी तुमच्या पोटावर पाय देणार नाही. असं करू, तुम्हाला कायम करावं की नाही, यावरच उद्या वेगळा कौल लावू. देव देईल तसं."

ही मोठीच सवलत होती, असे सगळ्यांना वाटले. मलाही वाटले. मी खुर्ची सरकवून त्याच्या कानाशी म्हटले, "आठात सात. हो म्हण."

"काका, उजवा पडला आणि मुलांनी विचारलं, मास्तर, तुम्ही कायम कशामुळे झालात, तर काय सांगू?" तो पुटपुटला. मग उभा राहून मोठ्याने म्हणाला, "साहेब, कौल नको. माझं शिकवणं बघा. वाईट असेल तर काढा. पण बघून काढा."

तेव्हा शेठ म्हणाले, "पोराचं काय खोटं नाय. मी लाकूड घेतो ते ठोकून बघतो. आवाज खणखणीत आला तर घेतो, बद्द आला तर माल परत. दोन वर्सं ह्याला ठेवलात, ठोकून कोणी बघितलात?"

कोणीच बघितले नव्हते. खरे तर वर्गात जाऊन शिकवणे पाहावे हे समितीच्या नियमांतच होते, पण पाहण्यासारखे काही असेल असे कोणाला वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अख्खी समिती मागच्या बाकांवर जाऊन बसली. गुडघे बाकात अडकत होते. मास्तरने माकडाचे नाव काढले नाही. त्याने टेबलावर एक टोपली पालथी केली. रायवळ आंब्याच्या कैऱ्या. एक गोल, एक लांबट, एकीला चोच, एक लिंबाएवढी. म्हणाला, "ह्या कैऱ्यांची सगळी झाडं एकाच आंब्याच्या कोयींपासून आली आहेत. एका आईची लेकरं. मग सारखी का नाहीत?"

त्याने मुलांना कैऱ्या कापून वाटल्या, समितीलाही दिल्या. मुख्याध्यापकांनी एक फोड तोंडात घातली आणि त्यांचा एक डोळा मिटला तो बराच वेळ उघडला नाही.

पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "कोयीपासून लावलेला आंबा आईसारखा येत नाही."

"येतच नाही!" मागून अध्यक्ष म्हणाले. त्यांना राहवले नाही. "हापूसची कोय लावून हापूस आला, असं उभ्या कोकणात कोणी दाखवावं. म्हणून तर कलम बांधतात."

मुलाने मान वळवली आणि विचारले, "कशावरून?"

कोणा मुलाने त्यांना असे विचारले नसावे; न्यायाधीशही जरा मऊ भाषेत विचारत. अध्यक्ष लाल झाले. पण बाग हा विषय असा, की त्यावर त्यांना गप्प बसता येत नसे.

"कशावरून म्हणजे? आमच्या तीर्थरूपांनी कुंपणाच्या गडग्याच्या कडेनं हापूसच्या कोयी लावल्या होत्या, उत्तमातल्या उत्तम झाडाच्या. वाढवलं, शेणखत घातलं. फळं आली ती ही असली!" त्यांनी चोचवाली कैरी उचलून दाखवली. "एक झाड तेवढं गोड निघालं. त्याचं कलम करून ठेवलं. बाकीची तोडून चुलीत घातली."

"म्हणजे गोड ते राहिलं, आंबट ते गेलं," मास्तर म्हणाला. "ही निवड कोणी केली?"

"आम्ही!"

"आणि जिथं माणूस नाही, रानात, तिथं कोण करेल?"

मुले एकमेकांकडे बघू लागली. कोणी म्हणाले वारा, मोहोर झाडतो. कोणी म्हणाले पाऊस, कोणी कीड. मग शेठचा नातू म्हणाला, "वानर. गोड असतो तो वानर खातो, आणि कोय लांब नेऊन टाकतो. आंबट चावून तिथंच टाकतो."

"हे तर मी डोळ्यांनी बघितलंय," अध्यक्ष म्हणाले. "बरोबर गोड झाडावरच येतात, हरामखोर."

आणि ते एकदम थांबले. आपण आणि वानर एकाच धंद्यात आहोत, हे त्यांच्या लक्षात आले असावे. मास्तरने ते बोलून दाखवले नाही. मला वाटते तो तास त्याने तिथेच जिंकला. तो पुढे फळ्यावर उभी रेघ काढून सांगू लागला की दोन पिढ्यांत एवढा फरक पडतो तर लाखो पिढ्यांत किती पडेल, आणि हे चुकीचे असते तर जमिनीत जुन्या थरांत काय सापडायला हवे होते. पण समितीचे त्याच्याकडे लक्ष नव्हते. पायरी आंबा कोयीपासून येतो की नाही यावर मागच्या बाकावर जोराचा वाद सुरू झाला होता, आणि घंटा झाली तरी तो संपला नाही.

बाहेर आल्यावर अध्यक्ष मला म्हणाले, "एवढंच होय? हे तर आमच्या घरात तीन पिढ्या चालू आहे. पुस्तकातल्या त्या विलायतेच्या माणसानं यात नवीन काय सांगितलं?"

"त्यानं माणसाशिवाय होतं, हे सांगितलं," मास्तर म्हणाला.

"असू दे, असू दे," अध्यक्ष म्हणाले. "कायम करा याला."

हुकूम त्या आठवड्यात आला. योगायोग नव्हे, मीच कळवले होते, म्हणून गुहागरचे बागायतदार त्याच सकाळी आमच्या ओटीवर येऊन बसले होते. बायकोने त्यांना कोकमाचे सरबत दिले. शिपायाने लखोटा आणला. मास्तरने तो पडवीत फोडला, वाचला, आणि घडी करून माझ्याकडे आला.

"काका, हे चुकलंय."

त्याची आई दाराआडून म्हणाली, "काय चुकलंय रे? नाव?"

"नाव बरोबर आहे."

"पगार?"

"बरोबर."

"मग काय चुकलंय मेल्या?"

"माकड."

हुकुमात लिहिले होते: 'मनुष्य माकडापासून कसा झाला हे समाधानकारकपणे शिकविल्यामुळे कायम करण्यात येत आहे.' तीच चूक, आता शाळेच्या शिक्क्यासह.

म्हातारीने कपाळावर हात मारला. "ओटीवर व्याही बसलेत आणि तुला माकडाचं पडलंय! कागद दाखव त्यांना. माकडाचं मागनं बघ."

"आई, हा कागद घेतला तर मी हेच शिकवतो असं होईल. मी हे शिकवत नाही."

आईने माझ्याकडे आशेने पाहिले. आता खरे सांगायचे तर पाहुण्यांना तो कागद दाखवला असता, तर त्यांनी शिक्का पाहिला असता, मजकूर नाही. पण हिशेबात चूक दिसली की उत्तर बरोबर आले तरी मी गुण देत नाही. तीस वर्षे हेच करत आलो. मी छत्री घेतली.

पाहुण्यांना एवढेच सांगितले की एक शब्द दुरुस्त करून आणतो. उन्हातून दोघे अध्यक्षांच्या घरी गेलो. ते जेवून झोपाळ्यावर आडवे झाले होते.

"सही केलेला कागद मी बदलत नाही," ते डोळे न उघडता म्हणाले.

"साहेब, माणूस माकडापासून नाही झाला," मास्तर म्हणाला. "चुलत आहे."

"चुलत म्हणजे किती लांबचा?"

"लाखो पिढ्यांपूर्वी वेगळे झालेत."

अध्यक्षांनी डोळे उघडले. उठून बसले. "वेगळे झालेत? म्हणजे लाखो पिढ्यांपूर्वी वाटप झालंय?"

मास्तरने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. "तसं म्हणता येईल," तो सावधपणे म्हणाला.

"मग बागेत काडीचा हक्क पोचत नाही! सख्खा मूळपुरुष म्हटलं की अडचण. इतक्या लांबच्या चुलत भाऊबंदाला कुठलं कोर्ट उभं करतंय?" त्यांनी टाक मागवला. ते वाक्य आडवी रेघ मारून खोडले, वर बारीक अक्षरांत लिहिले, 'मनुष्य व माकड यांचे फार दूरचे चुलत नाते', आणि खोडले तिथे समासात पुन्हा सही केली. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" ते मास्तरवर डाफरले.

सगळ्या सभांत त्याने दुसरे काहीच सांगितले नव्हते. पण या वेळी तो गप्प बसला. एवढे तरी दोन वर्षांत तो आमच्याकडून शिकला होता.

परत आलो तेव्हा पाहुण्यांचे तिसरे सरबत चालू होते. त्यांनी चष्मा लावून हुकूम वाचला. पहिल्या ओळी वाचताना चेहरा उजळला. खोडलेल्या जागी आल्यावर थांबले.

"हे काय? खाडाखोड? आणि नोकरीच्या कागदात माकड कशाला?"

मास्तर म्हणाला, "आधी चुकीचं लिहिलं होतं. ते दुरुस्त करून आणलं."

"म्हणजे आत्ता उन्हातून गेलात ते यासाठी? हे नसतं बदललं तर नोकरी गेली असती?"

"नोकरी राहिली असती. फक्त चूक राहिली असती."

पाहुण्यांनी कागद उजेडात धरला, समासातली सही खालच्या सहीशी ताडून पाहिली, घडी करून मास्तरच्या हातात दिला. मग सुपारीचे वजन जोखावे तसे त्याच्याकडे पाहिले.

"माकडाचं मला काही कळत नाही," ते शेवटी म्हणाले. "पण थोरल्या जावयानं मला पगाराचा आकडा वाढवून सांगितला होता." आणि दाराकडे वळून म्हणाले, "विहीणबाई, सुपारी मी आणलीय, अडकित्ता असेल तर आणा."